70 मिमीची थ्रॉटल बॉडी आणि 1,800 वर अडकलेलं आयडल: एका इंटेग्राचं प्रकरण

गाडी अमेरिकेत विकलेली 1994 ची अक्युरा इंटेग्रा. इंजिन होंडाचं बी18बी1, म्हणजे 1834 सीसी, डबल ओव्हरहेड कॅम, व्हीटेक नसलेलं, कंपनीच्या आकड्यानुसार 142 हॉर्सपॉवरचं. गिअरबॉक्स मॅन्युअल, थ्रॉटल केबलचा, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) ओबीडी-1 या जुन्या पिढीचा. मूळ थ्रॉटल बॉडीचं, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप असलेल्या भागाचं, बोअर (आतला व्यास) सुमारे 60 मिमी. ती काढून बाजारात मिळणारी 70 मिमी बोअरची ॲल्युमिनियमची बॉडी बसवली होती. इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे बॉडीतून आलेली हवा सिलिंडरांत वाटणारा भाग, मूळचाच. टीपीएस (थ्रॉटल किती उघडा आहे ते सांगणारा) आणि मॅप (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) हे दोन्ही सेन्सर जुन्या बॉडीवरून काढून नवीवर लावले होते आणि पॅकिंग खोक्यात आलं तेच वापरलं होतं.

बसवल्यानंतर थंड इंजिन 2,200 आरपीएमवर (मिनिटाला फेरे) जायचं आणि गरम झाल्यावर 1,800 वर येऊन तिथेच थांबायचं. या गाडीचं गरम आयडल, म्हणजे पेडल न दाबता इंजिन फिरण्याचा वेग, 750 हवं, फार तर 50 खाली-वर. इंजिन मात्र मिस करत नव्हतं, थरथरत नव्हतं, धूर नव्हता, चेक इंजिनचा दिवाही लागत नव्हता. मग कुणीतरी मल्टिमीटर लावून टीपीएसचा व्होल्टेज पाहिला, तो 0.74 निघाला. सेन्सर फिरवून 0.48 वर आणला, आणि तक्रार सुटायच्या ऐवजी वाढली. आता इंजिन 1,200 ते 1,900 च्या दरम्यान सतत वर-खाली झोके घेऊ लागलं. गॅरेजच्या भाषेत हंटिंग.

इथपर्यंत आलेल्या बहुतेक गाड्यांचं पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. आयडल व्हॉल्व्ह (आयडलला लागणारी हवा कमी-जास्त करणारा) बदलला जातो, मग ईसीयूवर शंका येते, मग मूळ बॉडी परत लावून विषय मिटवला जातो. या प्रकरणात दोष तीन होते, एकावर एक चढलेले. टीपीएसची दुरुस्ती बरोबरच होती, पण तिने खालचे दोष उघडे पाडले.

टीपीएस बरोबर केल्यावर हंटिंग का सुरू झालं

थ्रॉटल पूर्ण मिटला आहे हे ईसीयूला टीपीएसवरूनच कळतं. या पिढीच्या होंडांमध्ये मिटलेल्या थ्रॉटलला सुमारे 0.5 व्होल्ट आणि पूर्ण उघड्याला सुमारे 4.5 व्होल्ट यायला हवेत. 0.74 आले की ईसीयू समजतो, चालकाचा पाय पेडलवर आहे. मग तो आयडल सांभाळायच्या भानगडीत पडत नाही. मिळेल त्या हवेला लागेल तेवढं पेट्रोल देतो. इंजिन 1,800 वर शांतपणे फिरत राहतं.

0.48 आल्यावर त्याच ईसीयूला वेगळं चित्र दिसतं. पाय पेडलवरून उठलेला आहे आणि इंजिन आयडलच्या दुपटीहून जास्त फिरतं आहे. असं एरवी फक्त उतारावर किंवा गिअरमध्ये गाडी सोडल्यावर होतं, आणि तेव्हा इंजेक्टर बंद करायचे हे त्याला शिकवलेलं असतं. तो पेट्रोल तोडतो, फेरे पडतात, ठरलेल्या मर्यादेखाली आले की पेट्रोल पुन्हा सुरू होतं. हवा तर भरपूर आहेच, म्हणून इंजिन पुन्हा उसळतं आणि ईसीयू पुन्हा पेट्रोल तोडतो. झोक्यांचं कारण एवढंच आहे. ईसीयू आपलं काम चोख करत होता.

म्हणून हंटिंग घालवण्यासाठी टीपीएस पुन्हा 0.7 वर फिरवणं हा उपाय नव्हे. त्याने झोके थांबतात, आयडल चढलेलंच राहतं, आणि गाडी गिअरमध्ये सोडल्यावरचा पेट्रोल कटही जातो, म्हणजे ॲव्हरेजही पडतं.

मिस न करता चढलेलं आयडल काय सांगतं

ज्या गाड्यांमध्ये हवा मोजायला एअर फ्लो सेन्सर असतो, तिथे थ्रॉटलच्या पुढे गळती झाली तर ती हवा मोजलीच जात नाही. मिश्रण पातळ होतं, इंजिन मिस करतं, स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयू करत असलेली पेट्रोलची भरपाई) चढलेला दिसतो. होंडाची ही पद्धत वेगळी आहे. इथे हवा थेट मोजली जात नाही. मॅनिफोल्डमधला दाब, इंजिनचे फेरे आणि हवेचं तापमान यांवरून तिचा हिशोब होतो. हवा थ्रॉटलमधून आली की फाटक्या होजमधून, मॅनिफोल्डमध्ये पोचली की ती दाबात दिसतेच, आणि ईसीयू तिच्या मापाने पेट्रोल देतो. मिश्रण बरोबर राहतं, फक्त फेरे वाढतात. त्यामुळे मॅपवर चालणाऱ्या गाडीत इंजिन मिस करत नाही म्हणजे गळती नाही, असं म्हणता येत नाही. दिवा लागण्याची वाटही पाहू नये. ब्लिंक कोडांपैकी, म्हणजे दिवा लुकलुकून जे आकडे दाखवतो त्यांपैकी, 3 मॅपचा, 7 टीपीएसचा, 14 आयडल व्हॉल्व्हचा. हे सेन्सरचे किंवा वायरिंगचे दोष दाखवतात. जादा हवेचा कोड या ईसीयूत नाही.

2000 ते 2003 च्या काळात भारतात विकल्या गेलेल्या होंडा सिटी व्हीटेकलाही हेच लागू आहे. तिचंही थ्रॉटल केबलचं आणि हिशोब मॅपचा. हवेच्या वाटा आणि भोकांच्या जागा मात्र ज्याच्या त्याच्या मॅनिफोल्डवर पाहून घ्याव्यात.

हवेचा हिशोब

750 आयडलला 1.8 लिटरचं इंजिन सेकंदाला अदमासे 3 ग्रॅम हवा घेतं. त्या वेळी बाहेर 100 किलोपास्कल दाब असतो आणि मॅनिफोल्डमध्ये 33 च्या आसपास. आतला दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण 0.53 पटीखाली गेला की फटीतून जाणारी हवा आवाजाच्या वेगाला पोचते, आणि मग आतली ओढ आणखी वाढली तरी हवा वाढत नाही. किती हवा जाणार हे फक्त फट किती मोठी आहे यावर ठरतं: एका चौरस मिमीमागे सेकंदाला सुमारे 0.2 ग्रॅम. म्हणजे सगळ्या वाटा मिळून साधारण 15 चौरस मिमी एवढं उघडं क्षेत्रफळ इंजिनला आयडलसाठी पुरतं. याच्या दुप्पट जागा उघडी राहिली की 1,800 च्या घरात जायला वेळ लागत नाही.

आता 70 मिमीच्या बटरफ्लायचा (थ्रॉटल उघडझाप करणाऱ्या गोल चकतीचा) परीघ घ्या: 220 मिमी. कडेने सगळीकडे 0.05 मिमी फट राहिली, केसाएवढीच, तर क्षेत्रफळ 11 चौरस मिमी होतं. इंजिनची आयडलची जवळजवळ सगळी गरज तिथेच भागली. 0.1 मिमी राहिली तर 22. आत 5 मिमी भोक असलेला एखादा व्हॅक्यूम होज निसटला तर जवळपास 20 चौरस मिमी उघडे पडतात.

ईसीयूच्या हातात आयडल कमी करण्यासाठी एकच साधन आहे, आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह बंद करणं. तो पूर्ण बंद केला की त्याचा उपाय संपला. इतर वाटांनी 15 चौरस मिमीहून जास्त हवा येत असेल तर नवा व्हॉल्व्ह लावा, नवा ईसीयू लावा, आकडा खाली येणार नाही. शोध घ्यायचा तो हवेच्या वाटांचा.

या इंजिनावर आयडलला हवा यायच्या वाटा अशा: बटरफ्लायची कड, बॉडीवरच्या आयडल स्क्रूचा छोटा मार्ग, आयडल व्हॉल्व्ह, थंड इंजिनासाठीचा मेणाचा फास्ट आयडल थर्मो व्हॉल्व्ह, पीसीव्ही (क्रँककेसमधले वायू परत इंजिनात नेणारी वाट), आणि जिथे नसायला हवी तिथली गळती. आयडल व्हॉल्व्ह आणि थर्मो व्हॉल्व्ह दोघेही मॅनिफोल्डवर बसतात, पण हवा घेतात थ्रॉटल बॉडीच्या तोंडातल्या भोकांतून, म्हणजे बटरफ्लायच्या अलीकडून. ही हवा बॉडीच्या फ्लँजमधून (बोल्टने जोडायच्या सपाट कडेतून) पॅकिंग ओलांडून मॅनिफोल्डच्या खाचेत जाते. पुढे सगळं प्रकरण या खाचेवर आलं.

चाचण्या, याच क्रमाने

आधी इंजिन पुरतं गरम करायचं: रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत. एसी, दिवे, मागच्या काचेचा हीटर सगळं बंद. कूलंट भरलेलं आणि त्यातली हवा काढलेली हवी, कारण थर्मो व्हॉल्व्हमधल्या मेणापर्यंत गरम पाणी पोचलं नाही तर तो उघडाच राहतो आणि पुढची सगळी तपासणी चुकीच्या दिशेने जाते. बॉडी बदलताना कूलंटचे बारीक होज सुटले असतील तर थर्मोस्टॅटजवळच्या ब्लीड बोल्टने हवा काढावीच.

झोके घेणाऱ्या इंजिनावर फरक वाचता येत नाहीत. म्हणून फक्त चाचणीपुरता टीपीएस पुन्हा 0.7 व्होल्टच्या वर नेला. पेट्रोल कट थांबला, आकडा 1,800 वर स्थिरावला. टीपीएसचा प्लग काढून हेच करू नये; कोड 7 येतो आणि ईसीयू पर्यायी आकड्यांवर जातो.

पहिली पाहणी केबलची. मधोमध बोटाने दाबल्यावर ती 10 ते 12 मिमी खाली जायला हवी. इथे ढील शून्य होती, कारण नव्या बॉडीच्या लिव्हरचा कोन मूळपेक्षा किंचित वेगळा होता आणि ब्रॅकेटवरचे नट जुन्याच जागी आवळले होते. नट सैल करून ढील दिली, आकडा 1,700 वर आला. थोडाच फरक, पण केबल ताणलेली असताना पुढचं कुठलंच माप खरं येत नाही.

दुसरी चाचणी सगळ्यात मोलाची, आणि नेमकी तीच लोक टाळतात. इनटेकचा रबरी पाइप काढून थ्रॉटल बॉडीचं तोंड उघडं केलं. पीसीव्हीचा होज आणि ब्रेक बूस्टरचा होज पकडीने, मध्ये कापड घेऊन, दाबून बंद केले. मग रबर चिकटवलेली सपाट फळी तोंडावर दाबली. हात किंवा सुटं कापड लावू नये, ओढ जोराची असते. इंजिन लगेच बंद पडलं. याचा अर्थ, सगळी हवा या तोंडातूनच येत होती. मॅनिफोल्डचं पॅकिंग, इंजेक्टरचे रबर, मॅप सेन्सरचा ओ-रिंग, होज, यांपैकी कुठेच मोठी गळती नव्हती. इंजिन गचके खात का होईना, चालूच राहिलं असतं तर शोध या बाहेरच्या गळतीकडे वळवावा लागला असता, आणि त्यासाठी धुराची चाचणी उत्तम. कार्ब क्लीनर फवारून शोधण्याची सवय बरीच आहे, पण गरम एक्झॉस्ट आणि डिस्ट्रिब्युटरच्या वायरी जवळ असताना ती धोक्याची. शिवाय या गाडीत तिने काहीच सापडलं नसतं, कारण गळती बाहेरून आत येणारी नव्हती.

तिसरी चाचणी आयडल व्हॉल्व्हची. या गाडीवर तो दोन तारांचा आहे. प्लग काढला की स्प्रिंगने बंद होतो. (तीन तारांचा प्रकार प्लग काढल्यावर पूर्ण मिटेलच असं नाही, तिथे या चाचणीवर विसंबू नये.) प्लग काढल्यावर 1,700 वरून 1,550. टीपीएस मुद्दाम वर ठेवल्यामुळे ईसीयूने व्हॉल्व्ह थोडा उघडा धरला होता, तो मिटला. बाकी हवा अजून येतच होती.

चौथी चाचणी अंगठ्याची. तोंडातलं खालचं भोक थर्मो व्हॉल्व्हचं. ते बंद केलं, काही फरक नाही, ओढही नाही. गरम इंजिनावर तसंच हवं. मग वरचं भोक बंद केलं, आयडल व्हॉल्व्हकडे जाणारं. 1,550 वरून आकडा थेट 1,000 वर पडला.

इथे थांबून विचार करण्यासारखं आहे. व्हॉल्व्हचा प्लग काढलेला, म्हणजे तो बंद. तरीही त्याच्याकडे जाणाऱ्या भोकातून एवढी हवा जात होती. ती एकतर मिटलेल्या व्हॉल्व्हमधून गळत असणार, म्हणजे काजळीमुळे तो पूर्ण बसत नसणार, किंवा व्हॉल्व्हपर्यंत पोचण्याआधीच मध्येच कुठेतरी मॅनिफोल्डच्या पोकळीत शिरत असणार. व्हॉल्व्ह सोडवून फुंकून पाहिला: प्लग नसताना हवा जात नव्हती, बॅटरीचा प्रवाह दिला की जात होती. व्हॉल्व्ह निर्दोष होता. संशय उरला तो बॉडी आणि मॅनिफोल्डच्या जोडावर.

आणि वरचं भोक बंद असतानाही 1,000 शिल्लक होतेच. आयडल स्क्रू पूर्ण आत फिरवल्यावर आकडा 950 झाला. सगळे आडमार्ग बंद असताना हे इंजिन 480 च्याही, म्हणजे आयडल व्हॉल्व्ह बंद असतानाच्या ठरलेल्या आकड्याच्याही, खाली जाऊन बंद पडायला हवं होतं. म्हणजे उरलेली हवा बटरफ्लायच्या कडेने.

पॅकिंग

बॉडी उतरवून पॅकिंगवर उमटलेला ठसा पाहिला आणि कारण समोर आलं. मूळ पॅकिंगमध्ये मुख्य बोअर आणि आयडल व्हॉल्व्हची खाच यांच्या मध्ये एक पट्टी असते. तिच्या एका बाजूला वातावरणाचा दाब, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डची ओढ. खोक्यातल्या पॅकिंगचं मुख्य भोक 70 मिमीचं कापलेलं होतं, आणि या मॅनिफोल्डवर त्या कापात ती पट्टीच गेली होती. मॅनिफोल्डची धातूची पट्टी जागेवर, बॉडीचीही अडीच मिमी रुंद पट्टी जागेवर, पण दोघींच्या मध्ये पॅकिंगच्या जाडीएवढी, 0.8 मिमीची, मोकळी फट. खाचेच्या 20 मिमी लांबीला 0.8 ने गुणलं की 16 चौरस मिमी. व्हॉल्व्हला पूर्ण वळसा घालून आयडलभर हवा सरळ आत.

बाहेरच्या कडेने पॅकिंग घट्ट बसलेलं असल्यामुळे ही गळती ऐकू येत नाही, फवारल्यावर दिसत नाही, धुराच्या चाचणीतही बाहेर काही निघत नाही. तोंड बंद केल्यावर इंजिन पडतं, त्यामुळे बाहेरची गळती नाही असा निष्कर्ष निघतो, तोही बरोबरच असतो. ती पकडता येते फक्त व्हॉल्व्ह बंद ठेवून भोकावर अंगठा धरल्यावर. मोठ्या बोअरची बॉडी मूळ मॅनिफोल्डवर बसवताना सहज घडणारा, आणि उशिरा लक्षात येणारा दोष हाच आहे.

उपाय: पॅकिंग नव्याने कापलं. मध्ये धातूची जाळी असलेली 0.8 मिमी जाडीची शीट घेतली. साध्या कागदी शीटची अरुंद पट्टी ओढीने फडफडून तुटते आणि तुकडे इंजिनात जातात. मॅनिफोल्डच्या फ्लँजला हलकी शाई लावून शीटवर ठसा घेतला. खाचेच्या बाजूला कड दोन मिमी आत घेतली, म्हणजे पट्टी साडेचार मिमी रुंद मिळाली: अडीच मिमी दोन्ही धातूंमध्ये दाबलेली, दोन मिमी बोअरमध्ये डोकावणारी. बाकी सगळीकडे कड 70 मिमीवरच. दोन्ही पृष्ठभाग काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर किंवा सपाट पट्टीने तपासून घ्यावेत. अडीच मिमीच्या पट्टीला खड्डा चालत नाही. सिलिकॉन लावायचंच तर ऑक्सिजन सेन्सरला न बाधणारं आणि अगदी पातळ. जास्तीचं सिलिकॉन खाचेत जाऊन व्हॉल्व्ह अडवतं.

बॉडीची पट्टी दीड मिमीपेक्षा अरुंद असेल तर पॅकिंगने भागणार नाही. तिथे 65 किंवा 66 मिमीची बॉडी घेणं हाच खरा मार्ग.

बटरफ्लाय

उतरवलेली बॉडी उजेडासमोर धरली. कडेने सगळीकडे सारखा, धाग्यासारखा उजेड दिसला तर चालतो. इथे एका बाजूला चंद्रकोरीसारखी फट होती आणि समोरच्या बाजूला बटरफ्लाय भिंतीला घासत होती. 0.1 मिमीचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) फटीत सहज जात होतं. बटरफ्लाय शाफ्टवर मधोमध बसवलेलीच नव्हती, आणि ती अडकू नये म्हणून स्टॉप स्क्रू (बटरफ्लाय किती मिटते ते ठरवणारा) जास्त आत फिरवून पाठवलेला होता. दोन्ही दोष एकमेकांना झाकत होते.

आधी स्टॉप स्क्रू पूर्ण मागे घेतला. शाफ्टवरचे दोन छोटे स्क्रू पाऊण फेरा सैल केले. मग बटरफ्लाय चार-पाच वेळा स्प्रिंगच्या जोरावर मिटू दिली. स्क्रू सैल असताना ती बोअरमध्ये आपली जागा स्वतः शोधते. मिटलेल्या अवस्थेत दाबून धरून स्क्रू आवळले. नंतर एकेक काढून, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक लावून, परत बसवले, आणि शाफ्टच्या मागे निघालेली टोकं पंचने चेपून घेतली. यातला एक स्क्रू सुटला तर तो थेट सिलिंडरमध्ये जातो. या कामात घाई नको.

मग स्टॉप स्क्रू लिव्हरला नुसता टेकेपर्यंत आत घेतला आणि तिथून पाव फेरा पुढे. एवढ्याने बटरफ्लाय भिंतीत रुतत नाही. आता 0.05 मिमीचं गेज कुठेच जात नव्हतं. लॉक नट आवळला. यापुढे स्टॉप स्क्रूला हात लावायचा नाही. आयडल त्याने लावायचं नसतंच. तो फिरवला की हवा, टीपीएसचा व्होल्टेज आणि पेडलची सुरुवात, तिन्ही एकदम हलतात.

मूळ कंपनीच्या बॉडीत कडेला गडद रंगाचा पातळ लेप असतो, तो हीच फट भरण्यासाठी. मळ समजून जहाल क्लीनरने तो घासून काढल्यावर मूळ बॉडीवरही आयडल चढतं. बाजारच्या बहुतेक बॉडींना हा लेप नसतो. म्हणून त्यांची सगळी मदार घडाईच्या अचूकपणावर, आणि स्वस्त बॉडीत नेमकी तीच कमी पडते.

जोडणी आणि सेटिंग

बॉडी बसवताना चारही बोल्ट-नट तिरपे-तिरपे, दोन टप्प्यांत, 22 न्यूटन-मीटरला आवळले. मॅप सेन्सरचा ओ-रिंग नवा टाकला. जुना चपटा झाला होता. इंजिन सुरू करण्याआधी पेडल पूर्ण दाबून सोडून पाहिलं: बटरफ्लाय पॅकिंगच्या डोकावणाऱ्या कडेला कुठे लागत नाही, आणि स्वतःहून झटकन मिटते. अडकणारा थ्रॉटल हा आयडलपेक्षा फार मोठा धोका आहे.

मग केबलची ढील, पुन्हा 10 ते 12 मिमी. मग टीपीएस: चावी ऑन, इंजिन बंद, सिग्नलच्या तारेत मागून बारीक पिन घालून मल्टिमीटर लावला आणि सेन्सर फिरवून 0.49 व्होल्टला आवळला. पेडल हळूहळू दाबत नेलं, व्होल्टेज कुठेही उडी न मारता 4.5 पर्यंत चढला. हा क्रम उलटा केला तर काम दोनदा करावं लागतं, कारण स्टॉप स्क्रू आणि केबल दोन्ही व्होल्टेज हलवतात.

शेवटी बेस आयडल, म्हणजे आयडल व्हॉल्व्ह बंद असतानाचं आयडल. इंजिन पुन्हा पंखा दोनदा लागेपर्यंत गरम केलं. बंद करून आयडल व्हॉल्व्हचा प्लग काढला. पेडल किंचित दाबून सुरू केलं, 1,000 वर स्थिर केलं, हळूच पाय उचलला. आता आयडल स्क्रूने 480 वर आणायचं, 50 खाली-वर चालतं. याआधी स्क्रू पूर्ण आत असूनही 950 होते. आता तो जवळजवळ दोन फेरे बाहेर काढावा लागला तेव्हा कुठे 470 मिळाले. स्क्रूचा खाली-वर दोन्हीकडे असर होऊ लागणं, हीच बाकीच्या वाटा बंद झाल्याची खूण.

इंजिन बंद करून प्लग परत लावला. प्लग काढून चालवल्यामुळे कोड 14 नोंदला जातो, म्हणून बॅकअपचा 7.5 अँपिअरचा फ्यूज 10 सेकंद काढून ईसीयूची आठवण पुसली. सुरू करून काही लोड न देता मिनिटभर चालू दिलं. गरम आयडल 760. दिवे आणि पंखा लावल्यावर तेवढंच, एसी लावल्यावर क्षणभर 700 खाली जाऊन 770. झोके नाहीत. दुसऱ्या दिवशी थंड सुरुवात 1,500 ला झाली आणि इंजिन तापत गेलं तसा आकडा उतरत गेला.

जे करू नये

आयडल व्हॉल्व्हचा प्लग काढून गाडी चालवणं, वरच्या भोकात इपॉक्सी भरणं, थर्मो व्हॉल्व्हच्या वाटेवर पत्र्याची चकती टाकणं, हे सगळे उपाय चालताना दिसतात आणि त्यांनी आकडा खरंच उतरतो. पण मग एसी लावल्यावर किंवा पॉवर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर इंजिन सावरत नाही, आणि थंडीत सकाळी पेडल धरून बसावं लागतं. वाट बंद करण्याआधी हवा तिथून का जाते हे शोधायला हवं.

दुसरी गोष्ट बोअरच्या मापाची. 60 वरून 70 मिमीला गेलं की क्षेत्रफळ 36 टक्क्यांनी वाढतं, पण मूळ मॅनिफोल्डचं तोंड तेवढंच राहतं. 142 हॉर्सपॉवरच्या, कॅम आणि एक्झॉस्ट मूळचे असलेल्या इंजिनाला 60 मिमीचं बोअर अडवत नाही. जो फरक पायाला जाणवतो तो पेडलच्या सुरुवातीच्या भागात: तेवढ्याच दाबात जास्त हवा जाते, गाडी उसळते, आणि ट्रॅफिकमध्ये हळू चालवणं अवघड होतं. कॅम, हेड आणि मॅनिफोल्ड बदलल्यानंतर मोठी बॉडी लावावी, आणि तेव्हा मॅनिफोल्डचं तोंडही तिच्या मापाचं करून घ्यावं.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्यांना यातलं बरंच लागू नाही. तिथे वेगळा आयडल व्हॉल्व्ह नसतो, बटरफ्लाय मोटरने हलते, आणि बॉडी बदलल्यावर स्कॅन टूलने किंवा कंपनीने सांगितलेल्या क्रमाने तिची मिटलेली जागा ईसीयूला पुन्हा शिकवावी लागते. कडेची फट आणि पॅकिंगची गळती मात्र तिथेही तशीच शोधायची.

नवं पॅकिंग पहिल्या काही गरम-थंड चक्रांत थोडं दबतं. आठवडाभराने इंजिन थंड असताना चारही बोल्ट पुन्हा 22 ला तपासावेत आणि व्हॉल्व्हचा प्लग काढून बेस आयडल एकदा पाहावं. 480 च्या आसपास असलेला आकडा 600 वर गेला असेल तर पट्टी सरकली आहे; स्क्रू आत न फिरवता बॉडी उतरवावी.